थरारामागचं कलम

कोरियन थरारमालिकांचं कौतुक सुरू झालं की एक वाक्य हमखास येतं: गोष्ट कोरियातली असली तरी ती कुठल्याही देशात घडू शकेल. इंग्रजी परीक्षणांत ते असतं, ओटीटी कंपन्यांच्या जाहिरातींत असतं, आणि आता मराठी परीक्षणांतही ते जसंच्या तसं उतरू लागलं आहे. मला ते पटत नाही. या मालिकांपैकी ज्या खरोखर चांगल्या आहेत, त्या दुसरीकडे कुठेही घडू शकत नाहीत. त्यांचा थरार तिथल्या कायद्याच्या एखाद्या कलमातून, तिथे अमुक साली झालेल्या एखाद्या अन्यायातून आलेला असतो. तो संदर्भ गळून पडला की पाठलाग, रक्त आणि पार्श्वसंगीत एवढंच उरतं. इंग्रजी प्रेक्षकापर्यंत बहुतेक वेळा तेवढंच पोचतं. आणि आपणही त्याच्याच शेजारी बसून, त्याच्याच सबटायटल्समधून बघत असल्यामुळे आपल्या वाट्याला वेगळं काही येत नाही.

‘सिग्नल’ घ्या. किम उन-ही यांनी लिहिलेली ही सोळा भागांची मालिका जानेवारी ते मार्च २०१६ मध्ये टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर दाखवली गेली. २०१५ मधल्या एका तरुण पोलीस प्रोफाइलरला (गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगाराचा अंदाज बांधणाऱ्याला) जुनाट वॉकीटॉकीवरून भूतकाळातल्या एका पोलिसाचा आवाज ऐकू येतो आणि दोघं मिळून न सुटलेले गुन्हे उकलू लागतात, अशी तिची कल्पना. पहिलं प्रकरण जुलै २००० मध्ये पळवून नेऊन मारलेल्या एका शाळकरी मुलीचं. पंधरा वर्षांनी संशयित बाई चौकशीच्या खोलीत बसलेली आहे, समोर प्रश्न विचारणारे अधिकारी आहेत आणि घड्याळ मध्यरात्रीकडे सरकतं आहे. बारा वाजेपर्यंत आरोप ठेवता आला नाही तर या बाईला त्या खुनासाठी पुन्हा कधीच कोणी हात लावू शकणार नाही. तिला हे माहीत आहे. तिला फक्त गप्प बसायचं आहे. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, पण त्या खोलीतला एकेक मिनिट अंगावर येतो.

इंग्रजी प्रेक्षकाला हे घड्याळ लेखिकेची युक्ती वाटतं. तसं वाटण्याला कारण आहे. इंग्लंडमध्ये खुनाचा खटला अमुक वर्षांच्या आतच भरला पाहिजे अशी मुदत नाही. अमेरिकेच्या एकाही राज्यात नाही. इंग्रजांनी आपल्याला जो कायदा दिला त्यातही नाही. आपल्याकडे मुदतीचं बंधन आहे ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या किरकोळ गुन्ह्यांना. खून चाळीस वर्षांनी उघडकीला आला तरी खटला भरता येतो, हे आपण इतकं गृहीत धरतो की दुसरं काही असू शकेल असं मनातच येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी भाषेबरोबर कायद्याची एक सवयही एकमेकांना दिलेली आहे, आणि आपण त्या सवयीत वाढलेले आहोत.

कोरियाचा फौजदारी कायदा वेगळ्या वाटेने आला. त्याची घडण युरोपातल्या, मुख्यतः जर्मन कायद्याची. ती जपानमार्गे तिथे पोचली. या परंपरेत खुनालाही मुदत असे. पुरावे जुने होतात, साक्षीदार विसरतात, राज्यसंस्थेने अनंतकाळ माणसाच्या मागे लागू नये, असा त्यामागचा विचार. जर्मनीने नाझी गुन्हेगार सुटू नयेत म्हणून मोठ्या वादानंतर १९७९ मध्ये खुनाची मुदत रद्द केली. जपानने २०१० मध्ये केली. कोरियात खुनाला पंधरा वर्षांची मुदत होती. २००७ च्या दुरुस्तीने ती पंचवीस वर्षं झाली, पण नव्या गुन्ह्यांपुरती. जुन्या गुन्ह्यांचं घड्याळ पंधरालाच थांबणार होतं.

हे घड्याळ कोरियन माणसाला एका मुलामुळे माहीत होतं. २० मे १९९९ रोजी देगू शहरात किम ते-वान या सहा वर्षांच्या मुलावर कोणीतरी गल्लीत ॲसिड टाकलं. तो एकूणपन्नास दिवस जगला. मारणारा सापडला नाही. त्याच्या आईवडिलांनी पंधरा वर्षं पाठपुरावा केला आणि मुदत संपायला काही दिवस उरले असताना न्यायालयात अर्ज करून घड्याळ तात्पुरतं थांबवलं. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. त्यानंतर दोन आठवड्यांत, २४ जुलैला, संसदेने खुनाची मुदत कायमची रद्द करणारा कायदा मंजूर केला. लोक त्याला ते-वानचाच कायदा म्हणतात. पण तो लागू झाला फक्त ज्यांची मुदत अजून संपली नव्हती अशा खुनांना, म्हणजे १ ऑगस्ट २००० नंतरच्या. ज्या मुलाच्या नावाने कायदा झाला, त्याच्या खुन्याला तो लागू झाला नाही.

आता पुन्हा त्या चौकशीच्या खोलीकडे बघा. मालिकेतलं अपहरण जुलै २००० चं आहे, म्हणजे खऱ्या कायद्याच्या रेषेच्या अगदी काही दिवस अलीकडचं. ही तारीख किम उन-ही यांच्या कथेत सहज पडलेली नाही. जानेवारी २०१६ मध्ये टीव्हीसमोर बसलेल्या कोरियन प्रेक्षकाच्या मनात आदल्या उन्हाळ्यातल्या बातम्या ताज्या होत्या. काही दिवसांच्या फरकाने सुटून गेलेला माणूस म्हणजे काय, हे त्याने नुकतंच पाहिलं होतं. त्याच्यासाठी तो प्रसंग थरार तर होताच, शिवाय आपल्या संसदेला विचारलेला जाबही होता: इतकी वर्षं का लावलीत?

कोरियात कथेने कायद्याला असा जाब विचारण्याची परंपरा आहे. ग्वांगजू शहरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत वर्षानुवर्षं झालेल्या लैंगिक अत्याचारांवर गोंग जी-यंग यांनी २००९ मध्ये कादंबरी लिहिली, तिच्यावर २०११ च्या सप्टेंबरमध्ये ‘दोगानी’ हा चित्रपट आला, आणि लोकांचा संताप इतका उसळला की ऑक्टोबर संपायच्या आत संसदेने लहान मुलांवरच्या आणि अपंग व्यक्तींवरच्या अशा गुन्ह्यांची मुदत रद्द केली. नव्याने तपास झाला, शाळा बंद झाली. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक. दहा वर्षांनी ‘स्क्विड गेम’ काढणारे तेच. त्यांच्याकडे पुढे येतोच.

‘सिग्नल’मधलं एक मोठं प्रकरण ह्वासोंगच्या खुनांवर बेतलेलं आहे. सेऊलच्या दक्षिणेकडच्या या ग्रामीण भागात सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात दहा मुली-बायकांचे खून झाले. भातशेतीचा मुलूख, रात्रीच्या अंधाऱ्या वाटा, बसमधून उतरून घराकडे चालत जाणाऱ्या बायका. वीस लाखांहून जास्त मनुष्यदिवस पोलीस कामाला लागले, एकवीस हजारांवर लोकांची चौकशी झाली. खुनी सापडला नाही. शेवटच्या खुनाची मुदत एप्रिल २००६ मध्ये संपली. म्हणजे मालिका आली तेव्हा खुनी कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कळलं असतं तरी काही करता आलं नसतं.

कळलं सप्टेंबर २०१९ मध्ये. जपून ठेवलेल्या कपड्यांवरचा डीएनए ली चुन-जे या कैद्याशी जुळला. मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल तो १९९४ पासून तुरुंगात जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खुनांची कबुली दिली. एकाचाही खटला त्याच्यावर भरता आला नाही.

मला या सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो आठवा खून. सप्टेंबर १९८८ मध्ये तेरा वर्षांची एक मुलगी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत मारली गेली. दहांपैकी हे एकच प्रकरण पोलिसांनी ‘सोडवलं’ होतं. पुढच्या जुलैत त्यांनी युन सोंग-यो या बावीस वर्षांच्या तरुणाला उचललं. शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करणारा गरीब पोरगा. लहानपणी पोलिओ झाल्याने लंगडत चालणारा. त्याला झोपू दिलं नाही, बैठका मारायला लावल्या, आणि कबुलीजबाब घेतला. त्या कबुलीप्रमाणे तो कुंपणाची भिंत चढून आत गेला होता. त्या पायाने हा माणूस भिंत कशी चढला, हा प्रश्न न्यायालयाने गंभीरपणे घेतला नाही. केसांच्या तपासणीचा एक शास्त्रीय अहवालही जोडलेला होता. पुढे तो खोटा निघाला. युनला जन्मठेप झाली. वीस वर्षांनी, २००९ मध्ये तो पॅरोलवर सुटला. ली चुन-जेने आठवा खूनही आपणच केल्याचं सांगितल्यावर खटला पुन्हा उभा राहिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सुवोनच्या न्यायालयाने युनला निर्दोष ठरवलं. निकाल देताना न्यायाधीशांनी न्यायव्यवस्थेच्या वतीने त्याची माफी मागितली.

हे डोक्यात ठेवून ‘सिग्नल’ पाहिली की पोलिसांनी संशयिताला दमात घेण्याचे प्रसंग बदलून जातात. इंग्रजी थरारपटांत रांगडा, हात उगारणारा पोलीस हा नायकाचा एक प्रकार असतो. नियम मोडतो, पण मनाने चांगला. कोरियन प्रेक्षक त्याला तसं बघू शकत नाही. जानेवारी १९८७ मध्ये सेऊलच्या नाम्योंग-दोंग इथल्या पोलिसांच्या चौकशी केंद्रात पार्क जोंग-चुल हा विद्यार्थी छळाने मेला. पोलिसांनी सांगितलं की टेबलावर हात आपटला, तर हा घाबरून कोसळला. त्या खोट्या खुलाशाने देश रस्त्यावर आला आणि जूनमध्ये लष्करी राजवटीला थेट निवडणुका कबूल कराव्या लागल्या. ह्वासोंगचे खून आणि हा छळ एकाच काळातले आहेत आणि पोलीस दलही तेच. जे दल रात्रंदिवस मोर्चे मोडण्यात गुंतलेलं होतं आणि कबुली काढणं म्हणजेच तपास समजत होतं, त्याला खुनी सापडला नाही यात नवल नाही. कोरियन थरारात पोलीस अकार्यक्षम का दिसतात, असं इंग्रजी प्रेक्षक वारंवार विचारतात. उत्तर त्या दशकात आहे.

मराठी प्रेक्षकाने खरं तर हे इंग्रजी प्रेक्षकाच्या आधी ओळखायला हवं. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या पुरावा कायद्यात ग्राह्य नाही, ही इंग्रजांच्या काळापासूनची तरतूद. पण महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का आणला आणि त्याच्या कलम १८ ने पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बाँबस्फोटांचा खटला बऱ्याच अंशी अशा कबुल्यांवर उभा होता. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुल्या विश्वासार्ह नाहीत आणि छळाच्या तक्रारींत तथ्य दिसतं, असं न्यायालयाचं म्हणणं. एक आरोपी त्याआधीच, २०२१ मध्ये, तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, तिथे काय व्हायचं ते होईल. पण लोकलमध्ये माणसं गमावलेल्या घरांना एकोणीस वर्षांनी मारेकरी कोण हे ठाऊक नाही, आणि बारा घरांची एकोणीस वर्षं गेली. ह्वासोंग काय आहे हे समजायला मुंबईच्या वाचकाला इंग्रजीची मध्यस्थी कशाला हवी?

अशीच गत तिथल्या सरकारी वकिलांच्या मालिकांची. ‘स्ट्रेंजर’ ही २०१७ मधली उत्कृष्ट मालिका एका सरकारी वकिलाभोवती फिरते. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो काळा कोट घालून पोलिसांनी आणून दिलेल्या दोषारोपपत्रावर युक्तिवाद करणारा माणूस. कोरियन सरकारी वकील तसा नाही. त्या काळात तो स्वतः तपास करी, पोलिसांना आदेश देई, वॉरंटची मागणी फक्त तोच करू शके आणि खटला भरायचा की नाही हेही तोच ठरवी. एवढी सत्ता एका खात्यात एकवटली की राजकारण तिच्याभोवती फिरणारच. तिथला एक माजी महाअभियोक्ता, म्हणजे सरकारी वकिलांचा प्रमुख, २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याने लष्करी कायदा पुकारला आणि एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने त्याला पदावरून काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने हे खातंच मोडून तपास आणि खटला वेगळे करायचा कायदा केला. ‘स्ट्रेंजर’ बघताना हा झगडा माहीत नसेल तर ती शांत चेहऱ्याच्या हुशार माणसाची कोडी सोडवण्याची गोष्ट वाटते.

आता ‘स्क्विड गेम’. सप्टेंबर २०२१ मध्ये आल्यावर तिच्याबद्दल इंग्रजीत जेवढं लिहिलं गेलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच कोरियन मालिकेबद्दल लिहिलं गेलं नसेल. सगळा सूर एकच: ही आजच्या भांडवलशाहीची रूपककथा आहे. ह्वांग दोंग-ह्योक यांनीही तसं म्हटलेलं आहे, आणि ते खोटं नाही. पण पाचव्या भागात रात्रीच्या पहाऱ्यावर बसलेल्या नायकाला, गी-हुनला, एक जुनी रात्र आठवते. तेव्हाही असाच अडथळा रचून तो आणि त्याचे साथी पहारा देत होते. ड्रॅगन मोटर्स नावाच्या कारखान्यातला तो संप, डोळ्यांदेखत मेलेला सहकारी, आणि त्यामुळे मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोजवळ नसणं. दृश्य थोडक्यात संपतं. इंग्रजी प्रेक्षकासाठी ती पात्राची पूर्वपीठिका, तीही धावती.

कोरियन प्रेक्षकाला त्या कारखान्याचं खरं नाव सांगावं लागत नाही. सांगयोंग मोटर. २००९ मध्ये प्योंगतेक इथल्या या मोटार कारखान्याने सुमारे २,६०० कामगारांना कमी करायचं ठरवलं. कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला आणि सत्त्याहत्तर दिवस लढवला. पाणी तोडलं गेलं. हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचं द्रव्य ओतलं गेलं. शेवटी क्रेनला टांगलेल्या कंटेनरमधून पोलीस कमांडो छतावर उतरले आणि पळणाऱ्या कामगारांना बडवलं. ती चित्रफीत कोरियात घरोघरी पाहिली गेली आहे. पुढच्या दहा वर्षांत सुमारे तीस कामगार आणि त्यांच्या घरचे लोक आत्महत्येने किंवा आजाराने गेले. २०१९ मध्ये पोलीस प्रमुखांनी त्या बळाच्या वापराबद्दल माफी मागितली. ‘स्क्विड गेम’चा नायक कर्जात का बुडाला, त्याचं लग्न का मोडलं, तो माणूस म्हणून कुठे तुटला, याचं उत्तर त्या छतावर आहे. लेखक-दिग्दर्शकाने सांगयोंगचा संदर्भ जाणूनबुजून घेतल्याचं स्वतः सांगितलं आहे.

आणि यात मुंबईचा थेट संबंध आहे, जो मुंबईत ‘स्क्विड गेम’ची टोपी-टीशर्ट विकली जात असताना फार कमी लोकांच्या बोलण्यात आला. २०११ मध्ये सांगयोंग मोटरचा सुमारे सत्तर टक्के हिस्सा महिंद्र अँड महिंद्रने घेतला. कामगारकपात आणि संप हे त्याआधीचे, कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली होती तेव्हाचे. त्याचा दोष मुंबईच्या माथी मारता येणार नाही. पण बडतर्फ कामगारांचा परत घ्या म्हणून चाललेला लढा पुढची कितीतरी वर्षं नव्या मालकांच्याच दारात होता. डिसेंबर २०१४ मध्ये दोन कामगार त्याच कारखान्याच्या सत्तर मीटर उंच धुराड्यावर चढून बसले, कडाक्याच्या थंडीत. सगळ्यांना टप्प्याटप्प्याने परत घेण्याचा अखेरचा समझोता व्हायला २०१८ उजाडलं. २०२० अखेर कंपनी पुन्हा दिवाळखोरीच्या दाराशी गेली आणि २०२२ मध्ये केजी समूहाने घेतली. म्हणजे गी-हुनच्या कारखान्याची मालकी दहाएक वर्षं आपल्या शहरात होती. ज्या शहराने गिरणी संप पाहिला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगारांना उभं राहिलेलं आणि मग देशोधडीला लागलेलं पाहिलं, त्या शहराने ही मालिका ‘जागतिक भांडवलशाहीचं रूपक’ म्हणून पाहिली आणि पुढे गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संप मोडल्यावर कंपनी आणि पोलिसांनी कामगारांवर नुकसानभरपाईचे दावे लावले. न्यायालयाने त्यांना ४७० कोटी वॉन भरायला सांगितले. हे वाचून एका बाईने एका साप्ताहिकाकडे ४७,००० वॉन पाठवून दिले: अशा एक लाख लोकांनी पाठवले तर रक्कम उभी राहील. जुन्या काळी पगार पिवळ्या पाकिटातून मिळे, म्हणून लोक पिवळ्या पाकिटांतून पैसे पाठवू लागले. त्या चळवळीतून मागणी निघाली की संपाच्या नुकसानीपोटी कामगारांना असं कर्जात बुडवता येऊ नये. त्यावरचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि त्याला आजही पिवळ्या पाकिटाचा कायदा म्हणतात. कर्जात बुडालेली माणसं खेळाला जातात, ही मालिकेची मूळ कल्पना. ते कर्ज कधी कधी न्यायालयाच्या हुकुमाने डोक्यावर बसतं, हे कोरियन प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही.

यावर कोणी म्हणेल, टीपा वाचल्याशिवाय कळत नसेल तर ती कलाकृती कसली? माणसाचं दुःख सगळीकडे सारखं असतं, ते पोचलं म्हणजे झालं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ‘सिग्नल’ काहीही माहीत नसताना बघितली तरी गुंतवून ठेवते, आणि तेही तिचं यशच आहे. पण दुःख पोचणं वेगळं आणि तक्रार पोचणं वेगळं. दुःखाला आपण हळहळतो आणि पुढचा भाग लावतो. तक्रार कोणाविरुद्ध तरी असते: एका कलमाविरुद्ध, एका पोलीस दलाविरुद्ध, एका न्यायालयाविरुद्ध. ती पोचली तर आपण आपल्या कलमांकडेही बघू लागतो. ‘कुठेही घडू शकेल’ हे वाक्य तक्रारीतून आरोपी काढून टाकतं. जी गोष्ट कुठेही घडते तिला कोणीच जबाबदार राहत नाही. कंपन्यांना हे सोयीचं आहे, कारण आरोपी नसलेली गोष्ट एकशे नव्वद देशांत विनातक्रार विकता येते.

रूपांतरांचंही हेच होतं. ‘सिग्नल’वरून हिंदीत २०२४ मध्ये ‘ग्यारह ग्यारह’ आली. खुनाला मुदतच नसलेल्या देशात ही गोष्ट आणायची तर घड्याळ मुद्दाम बसवावं लागतं, आणि मुद्दाम बसवलेल्या घड्याळामागे कोणत्याही आईवडिलांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा नसतो. भारतीय लेखकाला कोरियन लेखिकेकडून घ्यायचं असेल तर वॉकीटॉकी घेऊ नये, पद्धत घ्यावी. आपल्या राज्यातलं कलम, आपल्या राज्यातला खटला, आणि तो ज्यांनी भोगला त्यांची नावनिशी जपून, पण प्रश्न न टाळता लिहिलेली गोष्ट. मोक्काच्या कलम १८ मध्ये चौकशीच्या खोलीतला जेवढा थरार आहे, तेवढा कुठल्याही उसन्या पटकथेत नाही. कबुलीवर सही घेणारा वरिष्ठ अधिकारी, सही करणाऱ्याच्या हातावरच्या खुणा, दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यासमोर काय बोलायचं याची धास्ती. हे मराठीत कोणी लिहिलं तर मालिका कोर्टकज्ज्यात अडकेल, ही निर्मात्यांची भीती खरी आहे. कोरियात हुकूमशाही जाऊन जेमतेम पिढी उलटली होती तेव्हा तिथल्या लोकांनी ही भीती ओलांडली.

दुसरी मागणी सबटायटल्सची. कोरियन मालिकांची इतर भाषांतली सबटायटल्स पुष्कळदा कोरियनवरून केली जात नाहीत. आधी इंग्रजी साचा तयार होतो आणि पुढच्या भाषा त्यावरून उतरवल्या जातात. म्हणजे हिंदी किंवा उद्या मराठी घेतलं तरी इंग्रजी प्रेक्षकाला जे गाळून मिळालं तेच पुन्हा गाळून मिळणार. मोठ्या कंपन्या मराठीचा विचारही क्वचित करतात, आणि आपण इंग्रजीत भागवून घेतो म्हणून त्यांना करावासा वाटत नाही. थेट कोरियनवरून मराठी करणारी माणसं मिळणार नाहीत, हे कारण आता चालणारं नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाई आली आहे, माणगावजवळ पोस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. या कारखान्यांच्या निमित्ताने कोरियन शिकलेली, दुभाषाचं काम करणारी मराठी मुलं-मुली पुणे जिल्ह्यात आहेत. त्यांना सबटायटल्सचं काम द्यावं, मोबदला नीट द्यावा, श्रेयनामावलीत नाव द्यावं. आणि जिथे गोष्ट एखाद्या खऱ्या खटल्यावर किंवा कलमावर उभी आहे, तिथे भागाच्या शेवटी दोन ओळींची मराठी टीप द्यावी: हा कायदा असा होता, अमुक साली बदलला. पुस्तकात आपण टीप मागतो तेव्हा कोणी तिला रसभंग म्हणत नाही.

मराठी परीक्षण लिहिणाऱ्यांनीही कथानक आणि ‘वेग’ यांवर चार परिच्छेद लिहिताना एक परिच्छेद त्या देशाच्या न्यायालयासाठी ठेवावा. ‘सिग्नल’मधल्या त्या चौकशीच्या प्रसंगावर लिहिणाऱ्याने ते-वानच्या आईवडिलांचा अर्ज कधी फेटाळला गेला हे सांगावं, आणि खुनाला मुदत नसलेल्या आपल्या देशात किती जुने खटले नुसते पडून आहेत, याची चौकशी जवळच्या पोलीस ठाण्यात करावी.